मनगटाखाली मोहरी

सोम. ७ सप्टें. ९८
ड्रॉइंग सेक्शनला कॉम्प्युटर आले. ऐन पितृपंधरवड्यात. मुहूर्त कोणी विचारला नाही. आमचे मोठे ड्रॉइंग बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभे केलेत, माझाही. साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत ज्यांना यावर ड्रॉइंग काढता येईल ते इथे राहतील. बाकीच्यांची सोय रेकॉर्ड रूममध्ये." सोय म्हणजे जुनी ड्रॉइंगं गुंडाळून नळ्यांत भरणे. नोकरीची शेवटची वर्षं मला नळ्या भरण्यात घालवायची नाहीत. इथे लिहून ठेवतो. बाहेर बोललो तर हसतील.

बुध. ९
माऊस. टेबलावर काच, तिच्यावर माऊसच्या पोटातला गोळा फिरतच नाही. मी इकडे, बाण तिकडे. शिकवायला अमरावतीच्या वानखडे मॅडम, वयानं आमच्या लेकीएवढ्या, मनूएवढ्या. "सर, तुम्ही पूर्ण खांद्यापासून ओढून राहिले न. फक्त मनगट फिरवा." जन्मभर उभं राहून खांद्यापासूनच रेघ ओढली. मनगट घड्याळ बांधायला असतं, अशी आपली समजूत.

शनि. १२
काचेवर कॅलेंडरची मागची बाजू पसरली. गुळगुळीत, गोळा घसरतो. मग ड्रॉइंगचा जाड कार्ट्रिज पेपर. बरा चालला, पण पंख्यानं कोपरा उचलला आणि पडद्यावरची रेघ थेट शेजारच्या गिअरमध्ये. पलीकडच्या टेबलावरचे जोशी: "उंदराला एवढं अंथरूण? आम्हाला घरी चटई मिळत नाही."

रवि. १३
माऊस घरी आणता येत नाही, म्हणून साबणाची डबी घेतली. हातात साधारण तशीच बसते. जेवणाच्या टेबलावर मेणकापड, चादर, सौ.चं मखमली ब्लाउजपीस, एकेकावर फिरवून पाहिली. मखमल हाताला सुखावते, पण डबी अडते. मेणकापड चिकट. सौ. भाजी निवडायला घेऊन आली.
"अहो, काय चाललंय?"
"सराव."
"आंघोळ झाली ना तुमची?"
आणि ब्लाउजपीस उचलून घेऊन गेली.

शुक्र. १८
माळ्यावरून आय.टी.आय.तला छोटा बोर्ड काढला. कर्वेनगरपासून हडपसरपर्यंत बसमध्ये पोटाशी धरून. कंडक्टर: "काका, पाट घरनं घेऊन निघालात? पंगत कुठाय?" ऑफिसात त्यावर कार्ट्रिज पेपर चारी बाजूंनी ताणून चिकटवला. चालला! बाण म्हणेन तिथे थांबतो. वानखडे मॅडमनी स्वतः फिरवून पाहिला. "मस्त चालून राहिला सर. मलाही करून द्या न एक." आनंद झाला. फार दिवसांनी झाला.

गुरु. २४
टिकला नाही. बोर्डाची कड मनगटात रुतते. टेकवला नाही तर हात थरथरतो, टेकवला तर ठणकतो. रात्री वाटी धरता येईना, आमटी सांडली. सौ.नं पुसली.
भीती वाटते आहे. रेकॉर्ड रूमची एवढी नाही. हा हातच आता आपला राहिला नाही की काय, याची.

शुक्र. २५
सौ.नं कपाटाच्या तळातून मोहरीची उशी काढली. मनू तान्ही असताना तिच्या डोक्याखाली असायची ती. दर उन्हाळ्यात अजून ऊन दाखवते. "मनगटाखाली घ्या. पोरीचं डोकं गोल केलं हिनं, तुमच्या मनगटाचं काही वाईट करणार नाही."
"ऑफिसात हसतील."
"हसू देत. बाळानं मान धरेपर्यंत उशी लागते. तुम्ही सध्या त्यातलेच."
राग आला. पण उशी पिशवीत घातली.

सोम. २८
मनगट जाईल तिकडे मोहरी सरकून जागा करून देते. दिवसभरात ठणका नाही. जोशी पोट धरून हसले. दुपारी मी चहाला गेलो तेव्हा म्हणे स्वतः हात टेकवून बसले होते. मॅडमनी सांगितलं.

बुध. ३०
खंडेनवमी. कॉम्प्युटरना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. बोर्डांकडे कोणी फिरकलं नाही. जाता जाता माझ्या बोर्डाला एक फूल खोचलं. वाईट वाटलं, लपवत नाही.

सोम. १२ ऑक्टो.
पंपाच्या झाकणाचं आख्खं ड्रॉइंग काढलं. पहिलंच. साहेब प्रिंट खिडकीशी घेऊन गेले. एक माप द्यायचं राहिलं होतं, ते त्यांना लगेच दिसलं.
"वेळ फार लागला तुम्हाला. मांडणी मात्र तुमचीच, लांबून ओळखली."
"मग मी इथेच ना?"
"दिवाळीनंतर बघू."

मंगळ. १३
संध्याकाळी नाशिकहून मनूचा फोन. सौ. रिसीव्हर धरून आधी हसली, मग रडली. मनूला दिवस गेलेत. चैत्रात बाळंतपण, आपल्याकडेच. मी फोनवर नुसतं "जप" म्हणालो.
फोन ठेवल्या ठेवल्या सौ. माझी ऑफिसची पिशवी उपसू लागली.
"उशी कुठंय?"
"लगेच हवी?"
"लगेच कशाला? पण खोळ नवी शिवायची, मोहरी निवडायची. गुढीपाडव्याला परत द्या म्हणजे झालं."
"आणि मी?"
"तोवर शिकाल की."
तिनं उशी हातानं चोपून सारखी केली आणि माझ्या पिशवीत परत ठेवली.
साहेब दिवाळीनंतर बघणार. पाडव्याला उशी जाणार, तिच्या खऱ्या धन्याकडे. तोवर मान धरायला हवी.