सावली आत राहिली

२ एप्रिल
वेई नदीकाठच्या उत्खननावर आज स्वयंपाकी म्हणून रुजू झालो. माझी लेक रुईफेन इथे मोजमापं घेते, म्हणूनच नोकरी धरली. तिची आई गेल्यापासून आम्ही बापलेक एकत्र असे जेवलोच नव्हतो. दुपारी हाताने ओढलेल्या शेवया केल्या, वर मिरचीचं कढत तेल. रुईफेन सगळ्यांना सांगत सुटली, की बाबांच्या शेवयांच्या वासाने खाली पुरलेले सरदारसुद्धा उठून बसतील. मी तिला दटावलं आणि भूमीदेवापुढे उदबत्ती लावली.

४ एप्रिल
ही सगळी मू घराण्याची थडगी. वडीलधारे मागे, मुलं पुढे, नातवंडं त्यांच्याही पुढे. मेल्यावरही मान कुणी सोडलेला नाही. कडेच्या लहान थडग्यात दगडी शवपेटी निघाली. घरातली मुलगी, लग्नाआधीच वारलेली, असं आमच्या प्रमुख पान मॅडमनी शिलालेख वाचून सांगितलं.

६ एप्रिल
कप्पीच्या साखळीने पेटीचं झाकण उचललं. रुईफेन वाकून आत मोजत होती, तोच पश्चिमेकडून पिवळी धूळ उठली. मॅडमनी झाकण खाली घ्यायला सांगितलं.
आमच्या गावी शवपेटी बंद करताना सगळे मागे सरतात. सावली आत अडकू द्यायची नसते. रुईफेनच्या पाठीवर ऊन होतं, तिची सावली अख्खी पेटीत. मी ओरडलो. ती हसली. बाबा, सावली म्हणजे काय ओढणी आहे, दारात अडकायला?
झाकण बसलं.

८ एप्रिल
रुईफेन जेवत नाही. अंगणात दोरीवरच्या कपड्यांची सावली पडली होती, दोरीचीही. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या लेकीची नव्हती.
मॅडमना झाकण उचलायची विनंती केली. त्या रागावल्या नाहीत. शहरातून तज्ज्ञ येईपर्यंत दगडाला हात लावता येणार नाही, पोरीला ऊन लागलंय, म्हणाल्या. काका, तुम्ही सूप करा, भुतांचं मी बघते.

९ एप्रिल
कपाळ गार. झोपेत पुटपुटते – जरा सरका, फार दाटी झालीय. सकाळी तिने मला, आपण कोणत्या घरचे, असं विचारलं.

११ एप्रिल
भर दुपारी सगळे आडवे झाले होते. मी साखळी ओढली. भ्यालेल्या लेकराला आई हाक मारते तशी हाक मारली – रुईफेन, घरी चल गं.
काळं काहीतरी पेटीच्या भिंतीवरून घसरलं, माझ्या पावलांवरून गेलं. गार. थडग्याच्या उतारावरून वर, उन्हात. झाकण घाईने पुन्हा बसवलं.

१२ एप्रिल
जेवली! पायाशी सावली आहे. ग्वानयिन देवीपुढे डोकं टेकलं. रडू आवरेना.

१३ एप्रिल
सावलीला उंच अंबाडा आहे. बाह्या जमिनीपर्यंत. रुईफेनचे केस मानेपर्यंत कापलेले –
मी हाक मारली, आणि आली कोण?

१४ एप्रिल
पेटीच्या दगडाला कान लावला. आतून, अगदी हळू – बाबा.
साखळी कुणीतरी काढून नेली आहे. पहार आणतो. मॅडमना काय म्हणायचं ते म्हणोत –
ती स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. मागे ऊन. हात दोन्ही खाली, शांत. सावली वहीवर आली आहे. ती हलली नाही, पण सावलीचा हात माझ्या मनग