आधीच येऊन गेलेली

८ जाने. ८४, रवि.
...असेलही, मीना म्हणते तसं. रूममेट आहे, तिला सगळं दिसतं. "यार, तू लोगों से मिलती है या हाज़िरी लगाती है?" पण चर्चच्या गृहभेटी माझ्याकडे आल्यापासून विकासनगरमधलं एकही घर सुटलेलं नाही. ट्रिक माझीच. चप्पल काढायचीच नाही. काढली की बसा, बसलं की चहा, चहासोबत सुनेची तक्रार. दारातच डोळे मिटायचे, प्रार्थना, पुढचं घर. पादरी साहब एकदम खूश. "बेटी, कमाल कर दिया!"
रोज लॅब, मग भेटी. अंगात कणकण आहे. असो.

११ जाने.
धुकं. सायकलचं हँडलसुद्धा दिसेना. सोनवणे आजींकडे गेले. आमच्या नगर जिल्ह्यातल्या, अंथरुणाला खिळलेल्या. इथे उत्तरेत माझ्याशी मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच. दारातूनच म्हटलं, आजी, प्रार्थना करू?
"परत? आत्ताच तर गेलीस की गं!"
मी? मी आत्ता येतेय, आजी.
"काहीतरीच. चहा केलास, पाय चेपलेस. लई बरं वाटलं बघ."
वय झालंय. प्रार्थना उरकली. निघताना पाहिलं, स्टुलावर दोन कप. एकातून अजून वाफ येत होती. सून ड्यूटीवर. मग चहा...

१४ जाने.
मसीह आंटींनी दार उघडलं. "कुछ भूल गईं बेटा? अभी तो गई हो." मग हळूच, "अच्छा किया जो आज बैठीं. वो बात मैंने किसी को नहीं बताई थी."
कुठली बात? विचारायची हिंमत नाही झाली. हसले फक्त. त्याही हसल्या, पण जरा निरखून.

१७ जाने.
लॅबमधून आले तर मीनाचे डोळे सुजलेले, चेहरा मात्र मोकळा. "थैंक यू यार. कितने दिन बाद तूने मेरी पूरी बात सुनी."
मी अजून स्वेटरही काढला नव्हता.
भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर.

२० जाने.
ताप. डॉक्टर म्हणतात आराम करा. पादरी साहब म्हणतात रविवारपासून शहराबाहेरची, बख्शी का तालाबकडची गावंपण तूच बघ. हो म्हणून बसले. का?

२२ जाने., रवि.
सकाळी आजींच्या सुनेचा निरोप. आजींचं काही खरं नाही, तुझं नाव घेतायत. चर्चबाहेर जीप तयार. पादरी साहब हॉर्न वाजवतायत. "बेटी, वहाँ लोग राह देख रहे हैं!" म्हटलं, मी नाही येणार. आयुष्यात पहिल्यांदा. तशीच सायकल मारत आजींकडे आले.
दार लोटलेलं. आतून कोणीतरी आजींना विचारत होतं, कुठे दुखतंय? आई आठवते का? आवाज माझा. शब्द मात्र मी कधी कुणाला न विचारलेले. आजी सावकाश उत्तरं देतायत, मधेच हसतायत.
पायरीवर बसून हे लिहितेय. मी आत गेले तर ती उठून जाईल, असं पक्कं वाटतंय. मग आजींच्या उशाशी मी उरेन. मला तर नुसतं बसतासुद्धा येत नाही.
आणि नाहीच गेले तर?
आत्ताच आजी म्हणाल्या, "ये गं, जवळ ये." ती तर जवळच बसलीय. मग हाक कोणाला? कधी कोणी हे वाचलंत तर सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर दार ढकललं असतं?