बुद्रुकचं पाणी, खुर्दची गल्ली

९ ऑक्टोबर
नांदुऱ्याला पंचायत समितीत मीटिंग. टेबलाच्या या बाजूला मी, बुद्रुकची सरपंच. त्या बाजूला अक्का, खुर्दची सरपंच. एका मायच्या दोन लेकी, शेजारशेजारच्या गावांत दिलेल्या, मध्ये एक नाली. साहेब सोडून सगळे हसले.

साहेबांचं म्हणणं असं: दोन्ही गावांची सांडपाण्याची योजना एकच करा. खाली एक मोठा खड्डा, पाणी गाळून सोडायचं, अन् सफाई कर दोन्हीकडे सारखा. आज खुर्दवाले भरतात, आम्ही नाही. आमचं पाणी उतारानं त्यांच्याकडे जातं, मग आम्हाला कशाचा त्रास.

येताना एसटीत अक्काजवळ बसले. तिनं योजनेचा विषयच काढला नाही. "वाळली व तू," एवढंच. पिशवीतले दोन पेरू दिले.

१६ ऑक्टोबर
ग्रामसभा. ठराव मीच वाचला. उपसरपंच सलीमभाई उठले. त्यांचा कापूसखरेदीचा धंदा, निम्म्या गावाचा कापूस त्यांच्या काट्यावर येतो. "वंदनाताई, औंदा बोंड फोडलं का अळी. बीटीले अळी लागत नाई म्हणत होते. अशात लोकायले नवा कर कोन्या तोंडानं सांगू?"

खोटं नव्हतं. सगळ्यांचे हात विरोधात. आमच्या यांचाही. नामंजूर, खाली सही माझी.

घरी हे म्हणाले, "बहिणीपायी गावाशी वाकडं घेऊ नको." मी भाकरी थापत राहिले. एक करपली.

२४ ऑक्टोबर
वेचणी. बायांना दुपारीच घरी पाठवलं, वेचायलाच काही नाही. बोंडं किडलेली, सरकीत गुलाबी अळी. हे शेताच्या धुऱ्यावर बसून एकेक बोंड फोडून पाहत होते. पुढच्यात नसेल, मग त्याच्या पुढच्यात. पाणी नेऊन दिलं. आधी नको म्हणाले. मग गटागटा प्यायले.

सभेतला राग मनात होता तो आज काही केल्या सापडेना.

५ नोव्हेंबर
अक्काकडे. दिवाळी झाल्यावर दरवर्षी जातेच. तिच्या गल्लीत विटा मांडल्या आहेत, त्यांवर पाय ठेवत जायचं. खाली आमच्या गावचं मोरीचं पाणी. शेजारच्या नजमाबीच्या नातीच्या पायांना फोड आलेले. वाटलं, मला पाहून नजमाबी दार लावून घेईल. तिनं चहा पाठवला.

अक्कानं ओढून समोर बसवलं, डोक्याला तेल लावलं.
"सरपंचबाई, उवा तं नाईत ना?"
"अक्का, तुले माहा राग नाई येत?"
"येते ना. पण तेल लावतानी काऊन राग करू?"

परत येताना विटांवरून घसरले. पातळाचा काठ भिजला. घरी येऊन दोनदा धुतला.

१३ नोव्हेंबर
खुर्द ग्रामपंचायतीचं पत्र. सात दिवसांत निर्णय न झाल्यास आपल्या गावाची नाली हद्दीवर बंद करण्यात येईल. मजकूर ग्रामसेवकाचा. सही अक्काची, 'सुमन'मधला म थोडा वाकडा.

ती सही मी शिकवलेली. मी सातवीत, तिचं लग्न होऊन गेलेलं. माहेरपणाला आली की पाटी घेऊन बसायचो. स्वतःचं नाव शिकायच्या आधी तिनं माझं लिहून मागितलं होतं.

पत्र आवक रजिस्टरला लावलं. यांना दाखवलं. वाचून म्हणाले, "करणार नाई ते." मला माहीत होतं, करेल.

२१ नोव्हेंबर
केलं. काल सकाळीच चार गोण्या रेती टाकून नाली बंद. आज पाणी उलटं फिरून आमच्या गल्लीत. माझ्या उंबऱ्याला लागलं. वास असा की पोळी तोंडात जाईना. खुर्दच्या घराघरांत हाच वास इतकी वर्षं...

दहा वाजता दहा-बारा जण कुदळी-फावडी घेऊन निघाले. मी आडवाटेनं पुढं गेले अन् गोण्यांवर जाऊन बसले. दुसरं काही सुचलंच नाही.

"ताई, उठा."
"नाई उठत."
"तुमी कोन्या गावच्या सरपंच हा?"
"बुद्रुकच्या. पाणी बी बुद्रुकचंच हाये. दोन रोज ठेवून पाहू आपल्याजवळ."

शिव्या ऐकल्या. नावं लिहीत नाही. सलीमभाईंनी आधी स्वतःची कुदळ खाली टाकली. "औरत बैठी है, मी हात लावत नाई," म्हणाले अन् माघारी फिरले. मग एकेक करून बाकीचे.

शेवटी हे आले. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, चपला हातात. वाटलं, आता सगळ्यांसमोर ओढून नेतील. खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या डोक्यावर टाकला. "ऊन लागून राह्यलं तुले." अन् गेले.

बसल्या बसल्या रडले. पाय पाण्यात होते.

२ डिसेंबर
नाली अजून बंदच. आज ग्रामसभा पुन्हा. कोरम भरला नाही. अर्धं गाव कापसाची पऱ्हाटी उपटायला शेतात, कापूस संपलाच आहे तर रान तरी मोकळं करायचं. आता पुढच्या आठवड्यात. सलीमभाई म्हणाले, "लोक नरमून राह्यले. पण हात वर होतीलच असं सांगता येत नाई." हे पहिल्या रांगेत बसले होते. कशासाठी, ते विचारलं नाही.

अक्काला सांगायला निघाले तर ती नालीवरच. एकटी, गोणी ओढत होती.
"काय करतं व, अक्का?"
"तुमच्या अंगणवाडीत पाणी शिरलं म्हने. लेकरं बसतात तिथं."
"अन् तुह्या गल्लीतले लेकरं?"
"म्हनून तं अर्ध्याच काढून राह्यली."
"पुढच्या सभेत बी नाईच म्हनाले तं?"

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "तिकडून धर."

धरलं. ओली रेती, दोघींनाही जड. दोन गोण्या काढल्या, दोन राहू दिल्या. अर्धं पाणी तिच्याकडे उतरलं. अर्धं आमच्याकडे थांबलं.