आइलेवचा वाटा

७ नोव्हेंबर, स्कारदाल

एकदाची सॅक मिळाली. आठवडाभर दादा डोकं खात होता, की सहा दिवसांच्या शिकारीला शाळेची दप्तरं चालत नाहीत. मी इथे मास्तरीण होऊन आले त्याला जेमतेम दोन महिने झालेत. शिकारीच्या टोळीत एक जागा रिकामी आहे म्हटल्यावर मीच हात वर केला. आता माघार घेतली तर हा नाताळपर्यंत मला चिडवत बसेल, आणि आमचा तोर्गिल्सदादा चिडवायला लागला की घर सोडून जावंसं वाटतं.

ओडनीच्या दुकानात दोन तास घालवले. पहिली सॅक देखणी होती, पण कापड कुरकुर करत होतं. ओडनी म्हणाली, थंडीत हे असं वाजतं की एल्क हरणं तुझी वाट बघत थांबणार नाहीत. दुसरीला चेन होती. चेन गोठते, आणि प्लास्टिकचे चाप उणे वीसला बिस्किटासारखे तुटतात. शेवटी ती आत गेली आणि एक जुनी सॅक घेऊन आली. लाकडी चौकट, जाड कॅनव्हास, तोंडाला दोरी, हातमोजे न काढता उघडतील असे पितळी चाप आणि तळाशी मांस बांधायला आडवी फळी. पट्टा आवळला तर सगळं वजन कमरेवर आलं, खांदे मोकळे. तिच्या नवऱ्याची, आइलेवची होती ती. गेल्या हिवाळ्यात याच शिकारीत तो गेला. ओडनी म्हणाली, घेऊन जा बाई, भिंतीवर टांगलेली बघवत नाही. मेलेल्या माणसाची होती, पण पाठीला अशी बसली होती की सोडवेना.

दादाने सॅक पाहिली, चाप एकदा उघडून बंद केला. मग म्हणाला, दुसरी नव्हती का.

१० नोव्हेंबर, डोंगरावरची झोपडी

दोन दिवस चालून पोचलो. आम्ही चौघं. म्होरक्या अस्लाक, सत्तरीचा, बोलतो कमी आणि हुकूम जास्त सोडतो. येरमुन, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसतं. दादा. आणि मी. येरमुन वाटभर म्हणत होता, की नुसती सॅकच चाललीय, आत मास्तरीण आहे की नाही देव जाणे. मी म्हटलं, तुझ्या सॅकमध्ये निम्मी तर दारू आहे. 

आज दुपारी अस्लाकने मोठा नर एल्क पाडला. सोलून, फांद्या पसरून त्यावर चार ढीग घातले. वाटपाची रीत आमच्याकडच्यासारखीच. सगळ्यात नव्या माणसाने पाठ करून उभं राहायचं, म्होरक्या सुरीने ढीग दाखवून विचारणार, हा कुणाचा, आणि मागे न बघता नाव घ्यायचं. म्हणजे भांडण नको. मी अस्लाकचं घेतलं, येरमुनचं, दादाचं. चौथा माझा. पण मी एक गोळी झाडली नव्हती, आणि स्वतःच्या तोंडाने सगळ्यांइतका वाटा मागायचा हे आमच्या आईने शिकवलेलं नाही. ओडनीला तरी होईल, म्हणून मी म्हटलं, आइलेवचा.

कुणी हसलं नाही. वळून पाहिलं तर अस्लाकच्या हातातली सुरी खाली पडली होती. म्हणाला, एकदा घेतलेलं नाव फिरवता येत नाही. तू घेतलंस, तूच वाहा. चाळीस किलो मांस मुकाट्याने सॅकमध्ये भरलं.

११ नोव्हेंबर

सकाळी सॅक रिकामी. चाप लावलेले, दोरी आवळलेली, आत रक्ताचा डागसुद्धा नाही. बाहेर बर्फात एकाच पायाचे ठसे आणि शेजारी फरफटल्याची रेघ. मी म्हटलं, आत्ता खाली उतरू. पण वादळ सुटलंय, दहा पावलांवरचं दिसत नाही.

दादाला कोपऱ्यात गाठलं तेव्हा तो बोलला. गेल्या वर्षी इथेच आइलेवचा पाय मोडला. सगळ्यांच्या सॅका मांसाने भरलेल्या. अस्लाक म्हणाला, आधी मांस उतरवू, नाहीतर कोल्हे खातील, माणूस काय चार दिवस थांबेल. येरमुन हो म्हणाला. दादाही हो म्हणाला. आइलेवची सॅकसुद्धा मांसाने भरून खाली नेली. परत आले तेव्हा तो वाटेवर पालथा पडला होता, त्यांच्या मागोमाग सरपटत आलेला.

मला दादाची किळस आली. लिहून ठेवते. तरी तो माझा दादा आहे, आणि त्याला मी जिवंत घरी नेणार आहे.

१२ नोव्हेंबर

वादळ जरा ओसरल्यावर येरमुन झऱ्यावर पाणी आणायला गेला. परत आला नाही म्हणून मी गेले. झऱ्याजवळ फांद्यांवर चार ढीग. मला एल्कचेच वाटले. मग एकावर येरमुनचा हातमोजा दिसला. आत हात होता. कातडं अखंड सोलून बाजूला ठेवलं होतं, चांगला शिकारी सोलतो तसं. डोकं घडी केलेल्या कातड्यावर ठेवलेलं. मी वळले, पळणार —

मागे बर्फ करकरला. एक पाऊल, मग फरफट. त्याने विचारलं, हा कुणाचा.

मी मागे बघितलं नाही. भीतीने तोंडातून निघून गेलं, अस्लाकचा.

१२, दुपारनंतर

अस्लाक गेला. दारातच. त्याने दोन गोळ्या झाडल्या, त्यातली एक दादाच्या नडगीत घुसली. हाड बाहेर आलंय. अस्लाकची छाती कुऱ्हाडीने दोन्हीकडे उघडलेली, वाफ निघत होती. तो अजून डोळे हलवत होता. माझ्याकडे बघत होता.

मी नाव घेतलं म्हणून. मी मारलं त्याला.

१३ नोव्हेंबर

दादाला सॅकच्या चौकटीला बांधलं, पट्टा आवळला, उठले. शंभर पावलं. दोनशे. त्याचं रक्त माझ्या बुटात. चौकट पेलते, मी पेलत नाही. बर्फात आडवी झाले. सरपटत परत झोपडीत आणला.

बाहेर फांद्या तोडल्याचा आवाज —

१३, दोन वाजता

ढीग घालतोय. अस्लाकचे. ओलं काहीतरी आपटतंय, चार वेळा. दाराकडे पाठ करून लिहितेय. दादा ग्लानीत आहे.

दारातून विचारलं. मी म्हटलं, आइलेवचा. थांबला. पुन्हा तेच, हा कुणाचा. जिवंत माणसाचंच नाव हवंय.

दोनच उरलो.

माझं घेणार. ठरलं. दादा तेव्हा हो म्हणाला होता, मी नाही म्हणणार —

आत आलाय. मागेच —

विचारलं.

माझंच नाव घ्यायला तोंड उघडलं. देवाशपथ. निघालं ते दादाचं —

दादा जागा आहे. ऐकलंय त्याने. विचारतोय, सुनिवा, काय म्हणालीस, आणि मी त्याला