सारांदिसचं जाकीट

वोलोस, शनिवार

आदरणीय पोलिक्सेनीताई,

लाम्ब्रोसचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही तिकडे बरे असाल, असं लिहून सुरुवात करायची असते. तशी केली. मेलबर्नला आता थंडी असेल; गुडघा सांभाळ. माझं दुकान ठीक चाललंय. लोक भिंतींना रंग लावतात आणि मग त्यांत खिळे ठोकतात. दोन्ही माझ्याकडेच मिळतं. मावशी, म्हणजे तुझी आई, चौऱ्याऐंशीची झाली आणि दिवसभर पायी फिरते. कुठे फिरते ते पुढे लिहितो.

मंगळवारी सारांदिसला कबरीतून बाहेर काढलं. पुरून तीन वर्षं झाली होती आणि जागा दुसऱ्याला द्यायची होती. तुझ्या भावाची गाणी साऱ्या देशाला पाठ असली तरी नगरपालिकेला नाहीत. मावशीने रीतीप्रमाणे तयारी केली होती. अस्थी धुवायला लाल वाइन, पुसायला पांढरी चादर, ठेवायला अक्रोडाची पेटी (खिळे माझ्या दुकानातले). हाडं पिवळी, स्वच्छ निघाली की पोरगा सुटला, मग मी मरायला मोकळी, असं ती ईस्टरपासून सगळ्यांना सांगत होती. मी विचारलं, वाइनने धुवायचं काम दुसऱ्या कुणी केलं तर चालणार नाही का. ती म्हणाली, "पहिली अंघोळ मीच घातली त्याला. शेवटचीही मीच घालणार. तू बादली धर."

मी बादली धरली. चार बायका आल्या होत्या. पण झिसिसने (त्याच्या बँडमधला बेस गिटारवाला, काळा चष्मा अजून तोच, डोळे मात्र आता खरोखरच अधू झालेत) कुणाकुणाला कळवलं होतं देव जाणे, शंभरेक चाहतेही आले. सगळे पन्नाशीचे, पोट पुढे, केसांची शेपटी मागे, अंगात काळे सदरे. एकाने गिटार आणली होती. पाद्री पापा-गेरासिमोस प्रार्थना म्हणत होते आणि मागे कुणीतरी तारा जुळवत होतं.

माती बाजूला झाली तेव्हा तो तसाच होता. फार लिहीत नाही, तू जेवणाआधी वाचत असशील. डोक्याचं आणि पायांचं जे व्हायला हवं ते झालं होतं. पण गळ्यापासून कमरेपर्यंत, तू पाठवलेल्या त्या काळ्या जाकिटात, जसा ठेवला तसा. बायकांनी छातीवर क्रूस काढला. चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात तो म्हणतोच ना, की मातीला मी पचणार नाही. त्यांच्या दृष्टीने त्याने शब्द पाळला होता. ते गाऊ लागले. पापा-गेरासिमोसना त्यांना थांबवावं की नाही कळेना (झग्याखाली त्यांचा एक पाय ताल धरत होता, मला दिसला). मावशीला वाटलं, हे लोक आपल्या पोराच्या दुर्दशेवर टाळ्या वाजवतायत. मी मध्ये, हातात वाइनची बादली. रडायचं की गायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी थोडं थोडं दोन्ही केलं.

शेवटी जाकीट कापून काढलं, त्याला सुती चादरीत गुंडाळलं आणि परत ठेवलं. नगरपालिकेने आणखी दोन वर्षं दिली आहेत.

आता मावशीचं फिरणं. तिचं म्हणणं असं, की कुणाचा तरी राग मागे राहिलाय, म्हणून माती त्याला घेत नाही. म्हणून ती घरोघर जाऊन सगळ्यांना त्याला माफ करायला लावतेय. ज्याच्या खानावळीची काच त्याने फोडली तो, त्याची पहिली बायको, दुसरी बायको, रोज दुपारी झोपमोड झालेला अख्खा शेजार. सगळे माफ करतात आणि वर कॉफी पाजतात. माझ्याकडेही आली. बँडमध्ये पहिलं वर्षभर ड्रम मी वाजवायचो आणि मग त्याने दुसरा ड्रमवाला आणला, हे तिच्या लक्षात होतं. माफ केलं, असं मी तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिला पटलं. मला अजून नाही.

मी तिला म्हटलं, मावशी, दोष जाकिटाचा आहे. तिने इस्त्री केलेला सुती सदरा पुरताना आम्ही कुणी त्याला घालू दिला नव्हता (झिसिसने, मी, आणि फोनवरून रडून रडून तू). म्हटलं, ते चामडं कसलं, प्लास्टिक असणार, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर काकडीसुद्धा टिकते. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "ते पोलिक्सेनीने दिलेलं. अस्सल चामडं आहे. चामडं म्हणजे कातडीच, ती मातीत जाते. दोष माझ्या पोराचाच."

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
लाम्ब्रोस

ता. क. ते अस्सल चामडं आहे असं तू वीस वर्षं साऱ्या गल्लीला फोन करकरून सांगितलंस, हे मला ठाऊक आहे. तरी रविवारी मावशीला फोन कर आणि सांग की ते नकली होतं, बाजारात स्वस्तात घेतलं होतं. तुझं नाक कापलं जाईल. म्हणूनच तिला ते खरं वाटेल.

ता. क. २. जाकीट माझ्या दुकानात मागे टांगलंय. धुतल्यावर नव्यासारखं चमकतं. झिसिस रोज येऊन मागतो, काचेच्या पेटीत ठेवायला. काल मी बाहीचा आतला कोपरा काडेपेटीने जाळून पाहिला. प्लास्टिकचा वास येईल अशी खात्री होती. केस जळल्याचा आला. म्हणजे अस्सल आहे. हे तुझ्यामाझ्यात. फोनवर नकलीच सांग.

ता. क. ३. मग मी रात्रभर विचार करत बसलो. मी खिळे विकणारा माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. पण मेलबर्नला त्याचा कार्यक्रम होता तेव्हा तू तीस माणसांना पुरतील एवढे द्राक्षपानांचे डोल्मादेस केलेस, आणि तो हॉटेलात उतरला, तुझ्या घरी आलाच नाही. त्यावर तू कधी काही बोलली नाहीस. जाकिटाबद्दल खोटं सांग, पण याबद्दल मला खरं लिही. मावशीचं सगळं गाव फिरून झालंय. आता तूच तेवढी उरली आहेस.