घटांगच्या उतारावर वाचवलेलं डिझेल

मूर्तिजापूर,
मंगळवार

आदरणीय शेषरावभाऊ यांस,

कुर्बानचा सलाम; आशावहिनींनाही सांगावा. धामणगावला गेल्यापासून गुडघा कसा आहे? तीस वर्षं एसटीचा क्लच दाबलेला पाय तो, त्याला आता आराम द्या. इकडे खुशाली आहे असं लिहिणार होतो, पण गाडी तुम्हीच शिकवली, तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

माझी पिकअप तुम्हाला ठाऊकच आहे (पंधरा वर्षांची, डावं दार दोरीने बांधलेलं). लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी दिवाळीनंतर आठवर आली. धम्मदीप मिस्त्रीने बॉनेट उघडून काहीतरी सांगितलं, पण सुटा भाग येईपर्यंत गाडी दोन दिवस ठेवावी लागणार होती, आणि माझ्या गाद्या-रजयांचा हाच हंगाम. मग उपाय मीच सुरू केले. चाकांत हवा भरली. वजन कमी व्हावं म्हणून मागचा लोखंडी सांगाडा काढला (गाद्या त्याच्यामुळेच उडत नव्हत्या, हे बडनेऱ्याजवळ कळलं). चाळीसच्या वर गेलो नाही. ट्रॅक्टरवाले मागून हॉर्न देत.

मागच्या गुरुवारी धारणीच्या वसतिगृहात गाद्या पोचवून परतत होतो. आमची घरवाली रईसा सोबत होती. घटांगच्या उतारावर मी इंजिन बंद केलं.

“काहून बंद केलं?” तिने विचारलं.

“डिझेल वाचून राह्यलं.”

“आन् आपुन?”

तेवढ्यात वळण आलं. ब्रेक दगडासारखा झाला, स्टिअरिंग वळेना. (इंजिन बंद असलं की दोन्ही जड होतात हे तुम्ही शिकवलं असणार, त्या दिवशी मी गैरहजर असेन.) गिअर टाकून क्लच सोडला, तेव्हा गाडी गचके खात कठड्याला टेकून थांबली. खाली सागाचे शेंडे दिसत होते.

 रईसा पिशवी घेऊन माझ्या बाजूने उतरली आणि चालू लागली. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे, तीन किलोमीटर. मग एसटी आली, तिने हात दाखवला, चढली. घरी भाकरी वाढली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊ, तिला काही झालं असतं तर, हा विचार अजून जात नाही.

तुमचा,
कुर्बान

ता. क. काल धम्मदीपने एअर फिल्टर बदलला. जुन्यात कापसाची बूर ठासून बसली होती, उशी भरेल एवढी. गाडी पुन्हा बारा देते. पहिल्या दिवशी त्याने हेच सांगितलं होतं.

आणखी एक. येत्या वीस तारखेला धारणीला रईसाच्या भाचीचं लग्न आहे. तुम्ही चालवणार असाल तरच ती गाडीत बसणार म्हणते. तेव्हा एक दिवस आधीच या. केबिनमध्ये तिघंच मावतात, म्हणून वहिनींनाही आणा, असा तिचा निरोप आहे. मी एसटीने येईन.