घोटभर पाणी

ह्योनाच्या आई,

आठ दिवस अंगात ताप आणि कमरेत कळ, तरी तू शंख-शिंपले काढायला समुद्रात बुड्या मारायला जातच राहिलीस आणि मला, तुझ्या सासूला, एका शब्दानं सांगितलं नाहीस. आज तुझं लघवीचं भांडं मी रिकामं करायला घेतलं. आत लाल पाणी! चाळीस वर्षं समुद्राच्या तळाशी जातेय, पण एवढी कधी घाबरले नव्हते.

दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजी, मूत्रपिंडं दिवसरात्र रक्त गाळत असतात. पाणी प्यायलं नाही, लघवी दाबून धरली, की रोग खालून वर चढतो. सून पाणी पीत नाही का?"

लघवीसाठी बुडीचा रबरी पोशाख सारखा उतरवावा लागू नये म्हणून पहाटेपासून घोटभरही पाणी प्यायचं नाही, हे तुला मीच शिकवलं.

नर्सबाई आठ वाजता गाडी घेऊन येतील. मुकाट्यानं जा. किटलीत बार्लीचं पाणी आहे, ते पीत राहा. पोशाख शोधू नकोस, कुलपात आहे.

मी किनाऱ्यावर, बुडीआधी सगळ्याजणी जमतात त्या शेकोटीपाशी चालले. तिथल्या सगळ्या पोरींनाही मी हेच शिकवलंय. त्या पाण्यात उतरायच्या आत सगळ्यांसमोर माझं म्हणणं मागे घेते. हसल्या तर हसू देत.

निघताना तुझ्या उशाशी मोठ्यानं बोलले, झोपेत ऐकलं नसलंस तर वाच: "शिकवण चुकली ती माझी, पोरी. पण दुखणं लपवलंस ते तू. पुन्हा लपवलंस, तर या घरातून समुद्रावर मी एकटीच जाईन."